पाडव्याच्या संध्याकाळचा तो उजेड

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेले चार दिवस आपल्या ग्रुपवर एक जुना व्हिडिओ पुन्हा फिरतोय. आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग जाते आहे आणि खाली लिहिलंय, 'पाडव्याला महाराजांनी दिलेलं ज्योतिदर्शन'. हे शब्द मुळात आम्हीच लिहिले होते, म्हणून खुलासाही आम्हीच करायला हवा.

2 एप्रिल 2022, शनिवार, गुढीपाडवा. सायंआरती आटोपून आपण इंदूरची मंडळी गच्चीवर प्रसादाला बसलो होतो. पावणेआठच्या सुमारास कुणीतरी ओरडलं, "अरे, वर बघा!" सगळे पानावरून उठले, हात जोडले. काकूंच्या डोळ्यांत पाणी, आमच्याही. ते पाणी खोटं नव्हतं, हे आजही सांगतो.

पण त्याच रात्री आम्ही तो मजकूर लिहून सगळीकडे पाठवला. बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडून 'जय गुरुदेव' आलं. अकरावीतल्या एका मुलाने मात्र लिहिलं, 'उल्का बघता बघता विझते. ही रांग सावकाश, आडवी गेली. रॉकेटचे तुकडे असावेत.' झालं! चार बुकं शिकला म्हणून शहाणा झाला का, इथपर्यंत मंडळी बोलली. शेवटी आम्हीच त्याला ग्रुपमधून काढलं.

मग पेपरात बातमी आली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी धातूचं एक भलंमोठं कडं पडलं होतं, व्यास सुमारे 3 मीटर. ते चिनी रॉकेटचं, असं अभ्यासकांनी सांगितलं. गावात कुणाला इजा झाली नाही. कृपा शोधायचीच होती तर ती तिथे होती.

गुरुवारी दर्शनाला गेलो तेव्हा सगळं सांगितलं. महाराज हसले नाहीत. म्हणाले, "अंधारात दोरीला साप समजलात, त्यात पाप नाही. पण दिवा घेऊन आलेल्या पोराला घराबाहेर का काढलंत?"

आम्ही म्हणालो, "मंडळींची श्रद्धा दुखावली, महाराज."

"श्रद्धा, की तुमचा मान?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. काकूंनी हळूच विचारलं, "मग मी हात जोडले ते वायाच गेले का?" महाराज म्हणाले, "ज्याचं आकाश त्यालाच जोडलेस ना, माई? मग पोचले."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो, माफी मागितली. त्याच्या आईने पोहे केले. तो बिचारा आमच्यापेक्षा जास्त संकोचला होता.

तेव्हा तो व्हिडिओ कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हे पत्र पाठवा. आणि 13 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून येणाऱ्या खऱ्या उल्का तोच मुलगा गच्चीवरून दाखवणार आहे. सतरंजी आमची, शाल आपापली आणावी.

जय गुरुदेव.