आपली विहीर

दोस्तहो, मी मुरबाडच्या एका गिरणीत सूत काढतो. गाव शहापूर तालुक्यातलं. आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला चाललंय, आणि उन्हाळ्यात आमचे पाडे टँकरची वाट बघतात. हा अन्याय आपण सभेत घसा फोडून सांगतो. सांगितलाच पाहिजे.

पण मागच्या वैशाखात रात्रपाळी सुटून घरी आलो, तेव्हा कातकरी वाडीतल्या बाया हंडे घेऊन आपल्या वस्तीच्या विहिरीवर आल्या होत्या. आपल्याच एकाने हटकलं, ‘ही आमची विहीर आहे.’ पाणी तळाला गेलं होतं, हे खरं. बाया बोलल्या नाहीत. रिकामे हंडे घेऊन माघारी वळल्या. मीही बोललो नाही. अंग मोडलं होतं, झोप होती, असली कारणं मागाहून शोधली.

तेव्हापासून एक सवाल डोकं सोडत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते कुणासाठी? फक्त आपल्यासाठी असेल, तर तळ्याचा मालक तेवढा बदलला.

१९४८ साली युनोने मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. २०१० साली पाण्याचाही हक्क मानला. चांगलंच झालं. पण विहिरीवर कागद उभा राहत नाही, माणूस उभा राहतो. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं, स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच क्रांतीकडून घेतली नाही, बुद्धाकडून घेतली. कायदा कुणीही मोडू शकतो, म्हणून बंधुतेला त्यांनी सगळ्यात वरची जागा दिली. बुद्ध दुःखापासून सुरुवात करतो. तहानेनं घसा सुकतो, तो सगळ्यांचा सारखाच.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडून बघा. सिद्धार्थ घर सोडतो तो पाण्याच्या भांडणापायी. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांना कोलियांशी लढाई हवी होती. सिद्धार्थ आपल्याच लोकांच्या सभेत उभा राहिला, नको म्हणाला. बहुमत विरोधात गेलं, तर देशत्याग पत्करला. पण लढाईला होकार दिला नाही.

आपला हक्क मागताना परक्याचा मार खावा लागतो. दुसऱ्याचा हक्क मानताना घरच्यांचा राग खावा लागतो. पहिलं आपण शिकलोय. दुसरं मला अजून शिकायचंय.

येत्या वैशाखात बाया पुन्हा येतील. पाणी कमी असलं तर हंडे मोजून वाटू. या वेळी मी बोलणार आहे. तुमच्या वस्तीतही विहीर असेलच.

जय भीम.