बंद करणाऱ्याचं देणं

मध्यंतरी एका व्याख्यानमालेत अर्थकारणावरचं भाषण ऐकलं. वक्ते अभ्यासू होते, बोलण्याला ओघ होता. करोनाकाळात सरकारने उद्योगधंद्यांना दिलेल्या आधाराचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, ''ज्यांचे धंदे चार महिनेही तग धरू शकले नाहीत, ते आज ना उद्या बसणारच होते. महामारीने निकाल लवकर लावला, एवढंच.'' सभागृहात माना डोलल्या. मला मात्र ते वाक्य तेव्हापासून सलतं आहे.

२४ मार्च २०२० ची ती रात्र, चार तासांची मुदत, रस्त्याने पायी निघालेले मजूर, मे महिन्यातलं वीस लाख कोटींचं पॅकेज, हे सगळं वाचकांच्या आठवणीत आहे. ते पुन्हा उगाळत नाही. मला एकाच प्रश्नाचा छडा लावायचा आहे. सरकारने धंदे बंद करायला लावले, तेव्हा त्या धंदेवाल्यांचं सरकार काही देणं लागत होतं का? मदत करायला हवी होती का, हा प्रश्न निराळा. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, देणं घेणाऱ्याच्या हक्काचं असतं. त्या दोन वर्षांत आपण चर्चा केली ती मदतीची: किती, कुणाला, कधी. देण्याचा हिशेब कुणी मांडायलाच घेतला नाही.

वक्त्यांचं म्हणणं खरं धरायचं, तर टिकलेला धंदा सक्षम म्हणून टिकला आणि बसलेला धंदा अक्षम म्हणून बसला, हे आधी सिद्ध व्हायला हवं. पण त्या काळात दुकान चालणार की नाही हे गिऱ्हाईक ठरवत नव्हतं, सरकारी आदेशातली यादी ठरवत होती. किराणा अत्यावश्यक ठरला, म्हणून किराणा दुकानदार तरला. त्याच्या शेजारच्या गाळ्यातलं केशकर्तनालय मार्चमध्ये बंद झालं ते महाराष्ट्रात २८ जूनला उघडलं, आणि तेव्हाही परवानगी मिळाली ती केस कापण्यापुरती, दाढीची नाही. हॉटेलात बसून जेवायला ५ ऑक्टोबर उजाडला, तोही निम्म्या क्षमतेने. चित्रपटगृहं नोव्हेंबरात उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ संपत आला तेव्हा परत सुरू झाली. शेजारशेजारच्या दोन गाळ्यांत कोण अधिक कष्टाळू, कुणाचा हिशेब चोख, याचा या तारखांशी काडीचाही संबंध नव्हता. बाजारात हरणं आणि हुकमाने थांबवलं जाणं या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत.

पुण्यात नवी पेठेच्या आसपास स्पर्धा परीक्षांच्या मुलांवर चालणाऱ्या मेस गल्लोगल्ली आहेत. त्यांतली एक मी जवळून पाहिली आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकूच म्हणतात. भाड्याच्या दोन खोल्या, पोळ्यांना दोन बायका, भाजी-आमटी काकूंच्या हातची. मुलं महिन्याचे पैसे आगाऊ भरतात आणि तारखांचे चौकोन छापलेलं कार्ड घेतात. जेवण झालं की त्या दिवसाच्या चौकोनावर फुली. गावी गेलेल्या दिवसांचे खाडे धरले जातात. मार्च २०२० च्या मध्यापासून मुलं बॅगा भरून निघाली, एप्रिलमधली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे गेली आणि मेस ओस पडली. मग फोन सुरू झाले: काकू, उरलेल्या दिवसांचं काय? काकूंनी कार्डांचा गठ्ठा पुढ्यात घेतला, एकेकाचे कोरे चौकोन मोजले आणि जमेल तसे पैसे परत पाठवले. परीक्षा त्यांनी पुढे ढकलली नव्हती, टाळेबंदीही त्यांनी लावली नव्हती. पण ज्या दिवशी जेवण वाढलं नाही त्या दिवसाचे पैसे आपल्याजवळ ठेवायचे नाहीत, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. खोल्यांचं भाडं मात्र घरमालकाने सोडलं नाही.

या बाईंपर्यंत ते पॅकेज पोचलं का? १३ मे २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची तातडीची पतहमी योजना जाहीर केली. पॅकेजमधला हा सर्वांत ठळक भाग. २९ फेब्रुवारी २०२० ला ज्यांच्या नावावर कर्ज बाकी होतं, त्यांना त्या बाकीच्या वीस टक्के इतकं नवं कर्ज विनातारण मिळणार होतं. चार वर्षांची मुदत, पहिलं वर्षभर मुद्दलाला सवलत, बँकांच्या व्याजाला सव्वानऊ टक्क्यांची मर्यादा आणि बुडालं तर शंभर टक्के हमी केंद्र सरकारची. काकूंच्या नावावर बँकेचं कर्ज नव्हतं. त्यांचं भांडवल म्हणजे भिशी आणि अडीअडचणीला गहाण पडणारं सोनं. शून्य बाकीचे वीस टक्के शून्यच होतात.

या योजनेला मी नावं ठेवणार नाही. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार तिने साडेतेरा लाख उद्योग आणि दीड कोटी रोजगार वाचवले. पुढे तिची मर्यादा पाच लाख कोटींपर्यंत वाढली. बँकेशी ज्यांचा व्यवहार आधीपासून होता, त्यांच्यासाठी ती खरोखर वेळेवर धावून आली. पण हमीचं कर्ज हा अडकलेल्या पैशावरचा इलाज आहे, बुडालेल्या कमाईवरचा नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचं कापड गोदामात पडून असेल तर बाजार उघडल्यावर ते विकलं जाईल. तोवर हात मोकळा ठेवायला कर्ज उपयोगी. एप्रिलमध्ये न शिजलेलं जेवण ऑक्टोबरात विकता येत नाही. न कापलेले केस तीनदा कापून घेत नाही कुणी. अशा धंद्याला दिलेलं कर्ज म्हणजे गेलेल्या दिवसांचा बोजा पुढच्या दिवसांवर टाकणं. फेरीवाल्यांसाठी १ जूनला आलेल्या स्वनिधी योजनेतही मिळालं ते दहा हजारांचं कर्जच. व्याजात सवलत होती, पण मुद्दल फेडायचंच होतं. पॅकेजची बेरीज २० लाख ९७ हजार कोटी झाली, त्यातले आठ लाख कोटींहून अधिक रिझर्व्ह बँकेने आधीच जाहीर केलेल्या उपायांचे होते. उरलेल्यातही उद्योगांच्या वाट्याचा मोठा भाग पतपुरवठ्याचा. बंद राहिलेल्या दिवसाचे पैसे असे त्यात कुठेच नव्हते.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण या प्रश्नाचं मूळ आपल्याच मातीत आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले, आणि पुढच्या फेब्रुवारीत कायदा झालाही. त्या अधिकारांच्या जोरावर पुण्यात काय घडलं हे मराठी माणसाला सांगायला नको. घरांत शिरलेले सोजीर, बाहेर काढून जाळलेलं सामान आणि २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या चार कलमी कायद्याच्या दुसऱ्या कलमातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. सरकारने साथ रोखण्यासाठी काय काय करावं हे सांगताना, होणारा खर्च कुणी आणि कसा सोसायचा हे सरकारने ठरवावं, असंही तिथे म्हटलं आहे, आणि त्या खर्चात नुकसानभरपाई, असल्यास, धरली आहे. रयतेच्या दारात सैनिक पाठवणाऱ्या परक्या राजवटीलाही कायदा लिहिताना एवढं सुचलं होतं, की साथ आवरताना कुणाचं तरी नुकसान होणार आणि ते कुणीतरी भरून द्यावं लागेल.

दुसरा कायदा आपला स्वतःचा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. देशभरची टाळेबंदी याच कायद्याखाली लागली. त्याच्या ६५ आणि ६६ या कलमांनुसार प्रशासन आपत्तीत तुमची जागा किंवा वाहन ताब्यात घेऊ शकतं, पण मोबदला द्यावा लागतो. जागेचा मोबदला परिसरातल्या भाड्यावरून ठरतो. धंद्याची जागा हलवावी लागली तर त्याचा वाजवी खर्चही धरला जातो. ठरलेला आकडा मान्य नसेल तर लवादाकडे जाता येतं. आता दोन लॉज डोळ्यांसमोर आणा. एक जिल्हाधिकाऱ्यांनी विलगीकरणासाठी ताब्यात घेतला, दुसरा बंद ठेवायचा आदेश दिला. दोन्ही मालकांचे हात कायद्याने बांधले, दोघांचंही उत्पन्न साथ रोखण्याच्या सार्वजनिक कामासाठी थांबलं. कायद्याने पहिला मोबदल्याचा हक्कदार आणि दुसऱ्याला काहीच नाही. टाळेबंदी अनाठायी होती असं मी म्हणत नाही. विषाणूबद्दल काहीच ठाऊक नसताना माणसं एकमेकांपासून दूर ठेवणं भाग होतं. पण काम सगळ्यांच्या भल्याचं होतं म्हणूनच त्याची किंमत काही मूठभरांच्या गल्ल्यातून वसूल होऊ नये. रस्त्यासाठी जमीन घेताना आपण हेच मानतो. मग गाळ्याला वेगळा न्याय का?

तेव्हा बुडालेल्या प्रत्येक दिवसाची पुरती भरपाई मिळायला हवी होती, असा माझा आग्रह होता. तो तसाच्या तसा टिकतो का, हे पाहायला हवं. वक्त्यांनी आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मांडला नाही. तो मीच मांडतो. अमेरिकेने कामगारांचे पगार चालू राहावेत म्हणून लहान उद्योगांना सुमारे ८०० अब्ज डॉलर वाटले. नावाला कर्ज, पण पगारावर खर्च केलं की माफ. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब लावला, तेव्हा एरवी नोकरी गमावली असती अशा कामगारांपर्यंत त्यातला फार तर एक तृतीयांश पैसा पोचल्याचं दिसलं. बाकीचा मालक, भागधारक आणि धनको यांच्याकडे गेला. पहिल्या फेरीचे ३४९ अब्ज दोन आठवड्यांच्या आत संपले, आणि रांगेत पुढे होते ते बँकेशी आधीपासून घसट असलेले.

पुरती भरपाई द्यायची म्हणजे नुकसान मोजायचं, आणि मोजायचं म्हणजे कागद मागायचे. ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रं, सनदी लेखापालाचा दाखला. हे सगळं पंचतारांकित हॉटेलाकडे तयार असतं, काकूंकडे कार्डांचा गठ्ठा असतो. भूसंपादनाचा आपला जुना अनुभवही हेच सांगतो: १८९४ च्या कायद्याखाली सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मोबदला मिळाला, त्याच रानात राबणारा मजूर रिकाम्या हाताने गावाबाहेर पडला. हक्काची भाषा बरोबर असूनही मोजमापाच्या दारातून शिरताना ती पुन्हा कागदवाल्याच्याच पदरात पडते. म्हणून पुरत्या भरपाईचा आग्रह मी सोडतो. मोजून भरपाई नको. न मोजता, सरसकट आणि दिवसाच्या दराने हवी.

असं कुठे झालं आहे का? ब्रिटनने मार्च २०२० मध्ये लहान व्यवसायांना दहा हजार पौंड, आणि दुकानं, उपाहारगृहं यांतल्या मध्यम आकाराच्या जागांना पंचवीस हजार पौंड सरसकट दिले. नुकसान किती झालं हे विचारलं नाही. स्थानिक परिषदांकडे व्यवसायाच्या जागांवरच्या कराची जी यादी होती, तिच्या आधाराने वाटप केलं. पुढे स्थानिक निर्बंध आले तेव्हा बंद राहिलेल्या काळानुसार ठरावीक रक्कम दिली. त्याच देशाच्या हमी कर्जांत मोठ्या लबाड्या झाल्या, हेही खरं. पण कराची यादी आधीपासून हाताशी होती म्हणून पैसा लवकर हलला.

आणि असं आपल्याकडेही झालं होतं, एवढं लहान की आपण तिकडे पाहिलंही नाही. १३ एप्रिल २०२१ ला दुसऱ्या लाटेचे निर्बंध जाहीर करतानाच तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी म्हणून टीका झाली, आणि ती रास्त होती. पंधरा दिवसांचे दीड हजार म्हणजे दिवसाला शंभर रुपये, आणि निर्बंध तर जूनपर्यंत लांबले. तरी त्या घोषणेत एक तत्त्व होतं जे वीस लाख कोटींत नव्हतं: ज्या भाषणात बंद, त्याच भाषणात बंदचे पैसे. परतफेड नाही, नुकसानीचा पुरावा नाही. उणीव होती ती आकड्यात आणि यादीत. फेरीवाल्यांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा, असं २०१४ चा कायदा सांगतो. तो नीट पाळला असता तर 'नोंदणीकृत' या अटीने इतके लोक बाहेर राहिले नसते.

पैसा कुठून आणायचा, असं वक्ते विचारतील. पाच लाख फेरीवाल्यांना दीड हजार दिले तर पंचाहत्तर कोटी लागतात. दिवसाचा दर तिप्पट केला तरी राज्याच्या अर्थसंकल्पाला तो न पेलणारा नाही. यादीत काही चुकीची नावं शिरतील. पण रक्कम लहान आणि ठरलेली असली की चुकीची किंमतही लहान राहते. शिवाय दर आधी ठरलेला असेल, तर बंदचा आदेश काढणाऱ्याला प्रत्येक दिवसाचा खर्च दिसेल. दाढीला तीन महिन्यांनंतरही मनाई का, याचं उत्तर त्याला तिजोरीलाही द्यावं लागेल. आज हुकूम काढणाऱ्याला तो फुकट पडतो, म्हणून तो लांबतो.

पुढची साथ, पुढचा महापूर किंवा पुढची संचारबंदी येईल तेव्हा पॅकेजच्या घोषणेची वाट पाहणं मला मान्य नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ६६ व्या कलमाशेजारी आणखी एक कलम बसवता येईल: ताब्यात घेतलेल्या जागेइतकाच बंद ठेवलेला धंदाही भरपाईला पात्र, दर दिवसाचा, लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा, आणि यादी महापालिका व ग्रामपंचायतींनी साथ नसतानाच तयार ठेवलेली. मोठ्यांना तो दर क्षुल्लक वाटेल; त्यांच्यासाठी बँका आणि हमी योजना आहेतच. ज्यांच्यासाठी दुसरं काहीच नाही, त्यांना सरकारच्या दयेवर सोडायचं की सरकारचे धनको मानायचं, हे विधिमंडळांत आणि संसदेत ठरवायला हवं, आणि ते शांततेच्या काळातच ठरू शकतं.