बळ वस्तूत की नात्यात?

सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या जुन्या दगडी मंदिरांत खांब जवळजवळ उभे असतात. दगड प्रचंड दाब सोसतो, पण ताणला की तडकतो. दोन खांबांवर आडव्या ठेवलेल्या तुळईची वरची बाजू भाराखाली दाबली जाते, खालची ताणली जाते. तुळई लांब केली, तर ती खालूनच तुटायला सुरुवात होते.

काँक्रीटचंही तेच. एम-२५ प्रतीचं काँक्रीट २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब पेलतं; थेट ताण मात्र त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. ठिसूळ पदार्थ ताणाखाली असे का मोडतात, याचं कारण ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये मांडलं: आतल्या सूक्ष्म चिरा. ताण त्या उघडतो, दाब मिटवू पाहतो.

मग काँक्रीट बळकट की दुबळं?

म्हणजे बळ हा वस्तूचा स्वतःचा गुण मानायचा का? कणादांचं वैशेषिक दर्शन म्हणतं, गुण द्रव्यातच राहतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन ‘मूलमध्यमककारिके’त कोणत्याही वस्तूला स्वतंत्र स्वभाव असल्याचं नाकारतो. चिरा दगडातच असतात, हा मुद्दा कणादांच्या बाजूचा. पण त्याच चिरा एका दिशेच्या भारात घातक ठरतात आणि दुसऱ्या दिशेच्या भारात जवळपास निरुपद्रवी, इथे नागार्जुनाचं पारडं जड होतं.

आरसीसी तुळईत ताण पोलादी सळई घेते, दाब काँक्रीट. तीच लांब, बारीक सळई एकटी उभी करून दाबली, तर बाजूला वाकते. निदान बांधकामाच्या जगात तरी, भार कसा येतो हे सांगितल्याशिवाय ‘बळकट’ हे विशेषण अपुरंच आहे.