लळा न लागणारा जीव

साप पाळणाऱ्याला साप ओळखत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फार तर तो त्या हाताला सरावतो, त्यापासून धोका नाही एवढं त्याला कळतं. मालकाच्या वाटेकडे डोळे लावून बसणं त्याला ठाऊक नाही. कुत्र्यामांजरांवर पोसलेल्या आपल्या प्रेमाच्या कल्पनेची इथे पंचाईत होते. मला मात्र सापाची खरी गंमत इथेच वाटते.

आपण तरीही त्याला या ना त्या वाटेने माणसात ओढतो. नागपंचमीला दूध पाजतो. दूध हा सापाचा आहारच नाही. गारुड्याने तहानलेला ठेवलेला नाग मिळेल ते पितो, इतकंच. बत्तीस शिराळ्यातली जिवंत नागांची पूजा न्यायालयाच्या आदेशाने थांबली, तेव्हा गाव हळहळलं. ते मी समजू शकतो, कारण त्या पूजेत भीतीइतकाच जिव्हाळाही होता. पण मडक्यात कोंडलेल्या नागाला त्या जिव्हाळ्याचा काय उपयोग? आता पूजेची जागा मोबाईलने घेतली आहे. गळ्यात धामण घालून व्हिडिओ काढणाराही स्वतःला सर्पमित्र म्हणवतो. (रात्री-अपरात्री पदरचं पेट्रोल जाळून धावणारे सर्पमित्र वेगळे. ते बहुधा व्हिडिओत दिसत नाहीत.)

पाश्चात्त्य देशांत घरी साप पाळण्याचा छंद मोठा आहे, आणि त्याला सरसकट नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. तिथला लाडका साप म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन. हा अजगरांतला लहानखुरा, स्वभावाने गरीब साप वीस-तीस वर्षंही जगतो. चांगला पाळणारा पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड राखतो, कात सलग निघावी म्हणून आत ओलावा ठेवतो. सापाने महिना-महिना उंदराला तोंड लावलं नाही, तरी धीर सोडत नाही. एवढं करून बदल्यात काही मिळत नाही, हे त्याला माहीत असतं. पण नवनव्या रंगांचा सोस सुटला तसा या छंदाचा बाजार झाला. ‘स्पायडर’ नावाचा एक नक्षीदार वाण आहे. त्या नक्षीबरोबर आतल्या कानातला, तोल बिघडवणारा दोषही वारशाने येतो. डोकं डुगडुगतं, कधी मान उलटी पिळते, उंदरावर झेप घेताना नेम चुकतो. तरीही नक्षीला गिऱ्हाईक होतं.

आपल्याकडे नाग, धामण, अजगर पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप ठेवणाऱ्यांना 2024च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. हे योग्यच आहे, कारण हौस फिटल्यावर काय होतं ते फ्लोरिडाने दाखवलं आहे. तिथे पाळलेले ब्रह्मदेशी अजगर कुणी सोडले, काही निसटले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत फोफावले. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रस्त्यावरून केलेल्या मोजणीत दिसणाऱ्या रकूनांची संख्या 99 टक्क्यांनी घटलेली आढळली.

मग 2017मध्ये तमिळनाडूतून मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या इरुळा जमातीतल्या दोघांना तिथे बोलावण्यात आलं. पिढीजात साप पकडणारी ही माणसं थेट झुडपांत शिरली. मातीवरची घसरखूण, कातीचा तुकडा, विष्ठा असा माग काढत त्यांनी दोन आठवड्यांच्या आत 13 अजगर धरले. त्यातली 16 फुटी मादी क्षेपणास्त्रांच्या एका ओसाड तळावर होती. 2023मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. इरुळा एके काळी कातड्यासाठी साप मारत. तो धंदा कायद्याने बंद झाला आणि 1978मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथे नाग, घोणस, मण्यार, फुरसं पकडून काही आठवडे ठेवतात, विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. देशातली सर्पदंशावरची लस मोठ्या प्रमाणावर याच विषापासून बनते. सापाची एवढी ओळख असलेली माणसं त्याला ना देव्हाऱ्यात बसवतात, ना गळ्यात घालतात.

आपल्याला एवढं जमणार नाही, पण बघणं जमेल. शेताच्या बांधावर धामण उंदराच्या बिळात शिरताना दिसली तर दहा पावलांवर थांबा. डोकं आत जातं आणि बाहेरचं अंग जागच्या जागी थबकतं. मग सहा फूट देह घाई न करता आत ओढला जातो, आणि शेपटीचं टोक दिसेनासं होतं. त्या बिळातल्या उंदरांचा हिशेब शेतकऱ्याला सांगायला नको. घरात येणारा बिनविषारी कवड्या विषारी मण्यारीसारखा दिसतो. पण कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे विरतात, मण्यारीचं नेमकं उलट. मात्र हे तपासायला वाकू नका. सर्पमित्राला फोन करा आणि तो येईपर्यंत दुरून नजर ठेवा.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यामुळे सापाचं कौतुक करणाऱ्याने भीतीला हसू नये. पावसाळ्यात जमिनीवर झोपायचंच असेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री बॅटरी घेतल्याशिवाय अंगणात पाय टाकू नका. आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे, चिरा देण्यात किंवा दोरी आवळण्यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा.