वर्गणीचे ऋण

लघुपट काढू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापाशी भांडवल म्हणून बहुधा मागून आणलेला कॅमेरा, दोन-चार मित्र आणि मनात दीर्घकाळ घोळवलेली एक गोष्ट एवढेच असते. उरलेले सारे, म्हणजे जेवण, निवारा, अंगण, माणसांचे चेहरे आणि त्यांचा वेळ, हे त्याला गावाकडूनच घ्यावे लागते. उरणच्या करंजा किंवा मोरा बंदरावर अशा चित्रणाचा घाट घातला, की या घेण्याचे मोल डोळ्यांना दिसू लागते. ध्वनिमुद्रणासाठी शांतता हवी म्हणून एखादा नाखवा आपल्या होडीचे इंजिन बंद करतो, आणि दृश्य पुन्हा पुन्हा बिघडल्यामुळे तो तसाच खोळंबून राहिला तर त्याची भरती चुकते. भरती चुकली, की त्या दिवसाची मासळी गेली. ही देणगी कोणत्याही पावतीपुस्तकात रुजू होत नाही. कथानकाशी काडीचाही संबंध नसलेली एखादी मुलगी भर दुपारी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून दुसरीच्या तोंडावर ऊन पाडीत उभी असते. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्रा’च्या वेळी दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून अशाच पांढऱ्या चादरी उन्हात धरल्या होत्या.

हे ऋण फिटते कसे, आणि मुळात ते कोणाचे?

तैत्तिरीय संहितेने ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो असे सांगितले; शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण जोडले आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणून माणसाला आसरा व अन्न देणे हे सांगितले. हे मला फार मोलाचे वाटते. कारण त्या दृष्टीने पाहिले तर परक्या पोरांना ओसरीवर झोपवणारे आणि भाकरी-कालवण वाढणारे घर सावकार होत नाही, ते स्वतःच्याच ऋणातून उतराई होत असते. गीतेच्या सतराव्या अध्यायातही जो परतफेड करू शकणार नाही त्याला दिलेले दान सात्त्विक आणि फळाकडे डोळा ठेवून दिलेले दान राजस ठरवले आहे. परंतु देणाऱ्याने मागितले नाही म्हणून घेणाऱ्याला फारखती मिळत नाही. तीच गीता तिसऱ्या अध्यायात, मिळालेले भोगून काहीच परत न देणाऱ्याला चोर म्हणते.

उरणात हा विचार अधिक टोकदार होतो. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर यांसाठी ज्या तालुक्यातील भातशेतीचे व मिठागरांचे संपादन झाले, जेथे १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले आणि ज्या लढ्यामुळे विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाट्याचा हक्क पदरी पडला, तेथील माणसाला मोबदला म्हणजे काय हे दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. तोच माणूस एका विद्यार्थ्याला आपले अंगण मोबदल्याशिवाय देतो, तेव्हा ते देणे भोळेपणाचे खासच नसते.

आता समजा, त्या लघुपटाचा विषयच त्या साडेबारा टक्क्यांवरून सख्ख्या भावांत लागलेली भांडणे हा असेल, तर? ज्यांचे अन्न खाल्ले त्यांचे उणे दाखवणे ही कृतघ्नता, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ भेटतील. मला ते मान्य नाही. मिंधेपणाने स्तुती करणारा विद्यार्थी गावाच्या सात्त्विक दानाला लाचेच्या पातळीवर आणतो. सत्य दाखवणारा त्या दानाची प्रत राखतो. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. श्याम बेनेगल यांच्या त्या चित्रपटाची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि तीत त्याच शेतकऱ्यांच्या खेड्यांतील जातिभेद व सरपंचाची दांडगाई यांवर पांघरूण घातलेले नाही. तरीही ते शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला गेले. स्वतःच्या पैशाने स्वतःचे व्यंग पाहण्याची ही तयारी मला अनेक तीर्थयात्रांहून पवित्र वाटते.

मात्र सत्याचा हा अधिकार जवळ राहून, चूक दुरुस्त करून घेऊन वापरायचा असतो. श्रेयनामावलीत नावे झळकवली की हिशेब मिटला, असे समजून महोत्सवांच्या वाटेला लागणे अनुचित आहे. पहिला खेळ गावातच, देवळापुढच्या मंडपात, ज्यांची भरती चुकली त्यांना पुढे बसवून व्हावा; तेथे कोणी उठून तावातावाने बोलू लागला तर विद्यार्थ्याने उभ्याने ते सगळे ऐकून घ्यावे, एखादी हकीकत खोटी ठरली तर ती काढून टाकावी, आणि ती खरी असून केवळ झोंबत असेल तर तिला कात्री लावू नये.