साक्षी आणि साक्षीदार : कालप्रवासाच्या कथनातील एक नैतिक प्रश्न

‘साक्षी’ आणि ‘साक्षीदार’ हे मराठीतील दोन शब्द एकाच मुळातून आलेले असले, तरी त्यांच्या नीतीत मोठे अंतर आहे. सांख्यांचा पुरुष हा साक्षी आहे. प्रकृतीचा खेळ तो पाहतो, त्यात उतरत नाही, आणि हे न उतरणे हेच त्याचे शुद्धत्व होय. साक्षीदार मात्र न्यायसभेतला. त्याने पाहिले, म्हणूनच त्याच्यावर बोलण्याचे बंधन येते. त्याचे मौन निर्दोष मानले जात नाही. जे बदलता येणार नाही ते पाहणाऱ्याने या दोहोंपैकी कोण व्हावे, हा प्रश्न इतिहासलेखनाइतकाच कालप्रवासाच्या कथेलाही विचारावा लागतो. किंबहुना तेथे तो अधिक उघडा पडतो, कारण पाहणारा घटनास्थळी प्रत्यक्ष उभा असतो.

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकाल्पनिक मालिका २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. या नव्या मालिकेचे अकरावे पर्व २०१८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात प्रसारित झाले. डॉक्टर हा परग्रहावरील कालप्रवासी. त्याचे यान ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या पेटीच्या रूपात वावरते. या पर्वात ही भूमिका प्रथमच एका अभिनेत्रीकडे, जोडी व्हिटकर यांच्याकडे, आली. पर्वातील दोन भाग येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘रोझा’. स्थळ माँटगोमेरी, साल १९५५. रोझा पार्क्स यांना बसमधील जागा सोडण्याची वेळच येऊ नये म्हणून भविष्यातून आलेला एक वर्णद्वेष्टा बारीकसारीक अडथळे निर्माण करतो. ते अडथळे दूर करणारे डॉक्टर आणि तिचे सोबती अखेरीस अशा पेचात सापडतात की, बस भरलेली राहावी यासाठी त्यांनाच आसनांवर बसून राहावे लागते. म्हणजे अन्यायाला जागा कमी पडावी म्हणून न्यायाच्या बाजूची माणसे जागा अडवून बसतात. प्रसंग विलक्षण परिणामकारक आहे. सहभाग आणि साक्षित्व यांतील सीमारेषा तो क्षणात पुसून टाकतो. तथापि त्याच्या तळाशी असलेले इतिहासाचे आकलन तपासले पाहिजे. इतिहास क्षुल्लक योगायोगांवर टेकलेला असतो, हे खलनायकाचे गृहीतक नायिकेलाही मान्य आहे. दोघांचे मतभेद केवळ हेतूंचे आहेत. वस्तुस्थिती निराळी होती. पार्क्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत सचिव म्हणून काम केलेल्या कार्यकर्त्या होत्या. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने तशाच बसमध्ये उठण्यास नकार दिला होता. पुढचा बहिष्कार ३८१ दिवस चालला तो संघटनेच्या बळावर. महाडचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्यामागे १९२३ चा बोले ठराव आणि तळे खुले करणारा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता; आणि या दोन्ही ठरावांना कागदावरून पाण्यापर्यंत नेणारी चळवळ होती. असा क्षण एखाद्या रिकाम्या आसनाने टळत नाही.

दुसरा भाग ‘डीमन्स ऑफ द पंजाब’, लेखक विनय पटेल. शेफील्डची यास्मिन आपल्या आजीचे तारुण्य पाहण्यासाठी १९४७ च्या ऑगस्टमधील पंजाबात जाते, आणि मुसलमान आजीचे पहिले लग्न प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी झाले होते, हे तिला कळते. दुसऱ्या महायुद्धातून जिवंत परतलेल्या प्रेमचा मृत्यू त्याच्या धाकट्या भावामुळे ओढवणार आहे. तो थांबवला, तर आजीचा पुढचा संसार होणार नाही आणि यास्मिन जन्मणार नाही. म्हणून सर्वांनी मागे फिरायचे. ज्यांना मारेकरी समजले जाते ते परग्रहवासी प्रत्यक्षात, एकाकी मरणाऱ्यांजवळ उभे राहण्याचे व्रत घेतलेले निघतात; त्यांचा स्वतःचा ग्रह ते दूर असताना नष्ट झालेला असतो. हे परग्रहवासी ‘साक्षी’ या संकल्पनेचे करुण रूप आहेत. मरणाऱ्याला कोणी पाहिले, एवढेही त्या ऑगस्टमध्ये असंख्यांच्या वाट्याला आले नाही. या भागाचे मोठेपण निःसंशय येथे आहे.

प्रश्न उरतो तो माघारीचा. भूतकाळात हात घालू नये हा नियम मालिकेत जुना आहे. १९६४ च्या ‘द अ‍ॅझटेक्स’ या कथेतही नरबळी थांबवू पाहणाऱ्या स्त्रीला तो ऐकवला जातो. परंतु दूरच्या ग्रहांवर आणि भावी शतकांत हाच डॉक्टर सत्ता उलथवतो. सर्व काळांत वावरणाऱ्याला बाविसावे शतकही घडून गेलेलेच असते. तेव्हा निषिद्ध आणि अनिषिद्ध यांतील रेषा काळाच्या स्वरूपातून निघालेली नाही. ती प्रेक्षकाच्या दिनदर्शिकेवर आखलेली आहे. नियमाविना कथेत ताण उरणार नाही, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. पण कथनाचा संकेत म्हणून जे मान्य करावे, ते नीतीचे तत्त्व म्हणून आपोआप मान्य होत नाही.

यास्मिनचा पेच मात्र संकेतापेक्षा खोल आहे. आपल्या निर्णयांमुळे पुढे कोण जन्मणार हेच बदलत असेल, तर त्या निर्णयांचे बरेवाईट कोणाच्या संदर्भात ठरवावे, असा प्रश्न डेरेक पारफिट यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ (१९८४) या ग्रंथात उपस्थित केला. तो मागे वळवला की यास्मिनचा प्रश्न होतो : जिच्या असण्याला एक हत्या कारण आहे, तिने त्या हत्येबद्दल काय म्हणावे? ‘ती घडायला नको होती’ असे म्हणताच ती स्वतःला पुसते.

हा पेच मराठी कथेला अपरिचित नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासराव गोळीतून थोडक्यात बचावतात आणि १४ जानेवारी १७६१ नंतरचा हिंदुस्थान वेगळाच घडतो. त्या पर्यायी मुंबईत पोचलेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत आपल्या मुलाची चौकशी करतात, तर त्या नावाचा कोणी तेथे नसतो. ज्या इतिहासात पानिपत जिंकले, त्यात विचारणाऱ्याचा मुलगा नाही. आझाद मैदानावरील अध्यक्षाची रिकामी खुर्ची ते बळकावू पाहतात, तेव्हा श्रोते त्यांना हुसकून लावतात. तरीही परतताना त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान राहते, आणि ते पान ते दुसऱ्याला दाखवतात. पंत काही बदलत नाहीत. पण असेही घडू शकले असते याचा पुरावा ते घेऊन येतात. साक्षीदार तो हाच. यास्मिन मात्र आजीला काहीच न सांगता राहते.

हा भेद वर्तमानात काय करतो, हे पाहण्यासाठी कालयानाची आवश्यकता नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दोन प्रकारच्या मर्यादा एकाच पाण्यावर वावरतात. भरती-ओहोटी, उधाण आणि भांग कोणी ठरवत नाही. नौका त्यांचा हिशेब करूनच निघते. १ जूनपासूनची पावसाळी मासेमारीबंदी मात्र माणसांनी ठरवलेली आहे, आणि पर्ससीन जाळ्यांना विशिष्ट महिन्यांची व क्षेत्रांची मर्यादा घालणारी ५ फेब्रुवारी २०१६ ची शासकीय अधिसूचनाही. तिच्याबाबत पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यात वाद आहे, कारण निर्णयाबद्दल वाद घालता येतो. उधाणाशी कोणी वाद घालत नाही. उद्या एखाद्याचे जाळे रिकामे आले आणि ‘काळच बदलला’ असे म्हटले गेले, तर त्या वाक्याने एक निर्णय उधाणाच्या खाती जमा होतो, आणि त्याचा जाब विचारायला कोणी उरत नाही.

फाळणीचे असेच होते. ३ जूनची योजना, जुलैमध्ये आलेले रॅडक्लिफ, सीमा आखण्यासाठी मिळालेले जेमतेम पाच आठवडे, आणि स्वातंत्र्यानंतर, १७ ऑगस्टला, प्रसिद्ध झालेला निवाडा : यांतील एकही गोष्ट भरती नव्हती. भूतकाळ अपरिवर्तनीय आहे, हे विधान आपल्या आजच्या स्थानाविषयी खरे आहे. त्या घटनेच्या आत असलेल्यांविषयी ते खरे नव्हते. त्यांच्यापुढे पर्याय होते. आपली असमर्थता त्यांची अपरिहार्यता म्हणून सांगितली, की निर्णय घेणारे आपोआप दोषमुक्त होतात.

यास्मिनच्या प्रश्नाचे उत्तरही याच दिशेने शोधावे लागेल. आपले अस्तित्व ही त्या हत्येची भरपाई नव्हे, आणि तिचे समर्थन तर मुळीच नव्हे. जन्माबद्दल कृतज्ञ असलेल्या माणसाला त्या जन्मामागच्या अन्यायाला अन्याय म्हणता येते; घटना पुसण्याची इच्छा आणि घटनेचा निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिला शक्य नाही. दुसरी तिच्यावर बंधनकारक आहे, कारण तिने पाहिले आहे. ‘डॉक्टर हू’चे हे पर्व मरणाऱ्याजवळ उभे राहण्याची नीती सांगते, आणि ती थोडी नव्हे. उभे राहिल्यानंतर बोलण्याची नीती मात्र तेथे अपुरी राहते. इतिहासविषयक साहित्याच्या समीक्षेने संहितेला विचारावयाचा प्रश्न यातून निघतो : येथे करुणा किती आहे हे पाहतानाच, कोणाचा निर्णय काळाच्या नावावर लिहिला गेला आहे, हेही तिने पाहिले पाहिजे.