सोडियमचं हक्कसोडपत्र

करडीत, आमच्या घराच्या ओसरीत, मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. आठवीत रासायनिक बंध येतात. त्यासाठी माझ्याकडे एक तयार वाक्य आहे. मला ते माझ्या सरांकडून मिळालं, त्यांना बहुधा त्यांच्या सरांकडून मिळालं असेल. फळ्यावर सोडियमचे अकरा इलेक्ट्रॉन मांडायचे : 2, 8, 1. शेजारी क्लोरीनचे सतरा : 2, 8, 7. मग म्हणायचं, "सोडियमला शेवटचा एक नकोसा झालाय, क्लोरीनला एक कमी पडतोय. सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला, दोघांचेही आठ झाले, दोघंही सुखी." मुलं हसतात. लग्न जुळवल्यासारखं वाटतं त्यांना. परीक्षेत कुणी चुकत नाही.

यंदा एका मुलीने वहीत हे सगळं नीट उतरवून घेतलं आणि विचारलं, "सर, पण त्याच्या बाहेरच्या घरात एकच आहे ना? तोच देऊन टाकायचा?"

मी म्हणालो, "त्याचा स्वभावच तसा आहे."

विषय तिथेच संपला. मुलं पुढचं उदाहरण उतरवू लागली. माझ्या मनात मात्र ते वाक्य अडकून राहिलं, कारण ते मी आधी ऐकलं होतं. घरीच ऐकलं होतं, आणि ते सोडियमबद्दल नव्हतं.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन नावं चढली. एक बाबांचं, एक आत्याचं. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो तिला जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. हे सगळं आमच्या घरात माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर हक्कसोडपत्र करायचं होतं. आई म्हणाली, "आत्याबाई काही आडव्या येणार नाहीत. त्यांचा स्वभावच देण्याचा." बाबा काहीच बोलले नाहीत. आत्या एका फोनवर आली.

मोहाडीला तिला मोटरसायकलवर मीच घेऊन गेलो. कागदावरची भाषा तुम्हीही कधीतरी वाचाल : राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, विनामोबदला. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवत गेलो आणि ती करत गेली. परतताना तिने गाडी थांबवायला लावली आणि मला भजी खाऊ घातली. पैसे तिनेच दिले. मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. माझी फी त्याच बांध्यांमधल्या धानातून भरली जायची.

मुलीच्या त्या प्रश्नानंतर मी रात्री कॉलेजची जुनी पुस्तकं काढली. सोडियमचा स्वभाव खरंच तसा आहे का, एवढंच बघायचं होतं.

नाही. सोडियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन आपणहून सोडत नाही. तो काढून घ्यावा लागतो आणि त्याला ऊर्जा लागते. एक मोल सोडियम, म्हणजे सुमारे 23 ग्रॅम, वायुरूपात सुट्या अणूंचं घेतलं, तर प्रत्येक अणूतून एकेक इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल खर्च होतात. एवढ्या उष्णतेत दीड लीटर थंड पाण्याला उकळी येईल. इतर बऱ्याच मूलद्रव्यांच्या तुलनेत ही रक्कम कमी आहे, म्हणून आपण म्हणतो की सोडियम "सहज" देतं. पण कमी म्हणजे शून्य नाही. ज्याच्याकडून घेणं सोपं असतं, त्याला उदार म्हणायची आपल्याला सवय आहे.

पुढे क्लोरीनचं बघा. तो इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीनकडून मोलमागे 349 किलोज्यूल बाहेर पडतात. 496 खर्च, 349 जमा. 147 ची तूट. म्हणजे एक सोडियम आणि एक क्लोरीन एकमेकांपासून दूर उभे असतील, तर दोघांचे आठ-आठ होऊनही हा व्यवहार तोट्याचाच आहे. याशिवाय धातूतून सोडियमचा अणू सुटा करण्याचा आणि क्लोरीनच्या रेणूतली जोडी तोडण्याचा खर्च वेगळा. "आठ झाले म्हणून सुखी" हे माझं वाक्य हिशेबात कुठेच बसत नाही.

मग मीठ बनतं तरी कसं? तूट भरून निघते ती नंतर. धन आयन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येतात, रांगेत रांग लागते, स्फटिक उभा राहतो. त्या जवळ येण्यातून मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल मिळतात. सगळे खर्च वजा जाता 411 उरतात, आणि म्हणून मीठ टिकतं. 1919 मध्ये माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी हा ताळेबंद मांडायची रीत दिली. आठवीच्या पुस्तकात तो मावत नाही हे मला मान्य आहे. पण तो वाचल्यावर मला एक गोष्ट दिसली. मिठाच्या स्फटिकात सोडियमची एका क्लोरीनशी जोडी नसतेच. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयन वेढून असतात, आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. देण्याची किंमत वसूल होते ती भोवतीच्या या सहांमुळे. ते नसतील तर सोडियमने नुसतंच गमावलेलं असतं.

आणखी दोन आकडे आहेत. इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडियमची त्रिज्या 186 पिकोमीटरवरून 102 वर येते. क्लोरीनची 99 वरून 181 वर जाते. देणारा आकसतो, घेणारा फुगतो. आणि एकदा दिलं म्हणून सोडियमकडे दुसरा इलेक्ट्रॉन मागायला गेलात, तर 496 च्या जागी 4562 किलोज्यूल मोजावे लागतात, नऊपटींहून जास्त. आतल्या घरातलं ते देत नाही. देण्याचा स्वभाव वगैरे काही नाही. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब होता, त्याच्यावरची पकड सैल होती, एवढंच.

आमच्याकडे लेकीला परक्याचं धन म्हणतात. सोडियमच्या आयनालाही आपण धन आयनच म्हणतो, आणि ज्या ग्रीक शब्दावरून मायकेल फॅरडेने 1834 मध्ये आयन हा शब्द रूढ केला त्याचा अर्थ आहे जाणारा. हे योगायोग आहेत, त्यांवरून काही सिद्ध होत नाही. अणूला मन नसतं, आत्याला आहे. अणूंकडून नीती शिकायला जाणं मूर्खपणाचं आहे, कारण निसर्गात तर बळी तो कान पिळीही आहे. माझं म्हणणं उलट दिशेचं आहे. आपल्या घरातली नीती आपण अणूंवर चढवतो. "त्याला द्यावंसं वाटतं", "देऊन ते सुखी होतं" ही वाक्यं आपल्याला इतकी सहज सुचतात, कारण ती आपण आधी माणसांवर वापरून गुळगुळीत केलेली असतात. मुलं ती फळ्यावरून उतरवून घेतात. पुढे घरी तीच वाक्यं ऐकली की ती त्यांना विज्ञानासारखी वाटतात.

एखाद्याच्या देण्याला स्वभाव म्हटलं की तीन गोष्टी एकदम होतात. खर्च दिसेनासा होतो, कारण स्वभावाने वागणाऱ्याला कसला आलाय खर्च? उपकार उरत नाहीत, कारण नदी वाहते म्हणून तिचे कुणी आभार मानत नाही. आणि नकाराची वाट बंद होते, कारण जी देणारी आहे तिने नाही म्हटलं तर ती बिघडली असं ठरतं.

याला एक उत्तर आहे आणि ते कमजोर नाही. आत्याने स्वतःच्या मनाने दिलं असेल तर? तिच्या वतीने हिशेब मांडणारा मी कोण? शिकलेल्या पोराने गावाकडच्या बाईला सांगावं की तुझ्या प्रेमाला प्रेम म्हणू नकोस, ती फसवणूक आहे, हेही तिच्याकडून काहीतरी काढून घेणंच झालं. म्हणून मी ठरवलं, तिलाच विचारायचं. दिवाळीनंतर तिच्या गावी गेलो तेव्हा विचारलं. ती तांदूळ निवडत होती. आमच्याच शेतातला होता, दरवर्षी बाबा एक पोतं पाठवतात.

"कोनी जबरदस्ती नाही केली बाबू," ती म्हणाली. "दादा आहे माहा. मी मनानंच सही केली."

थोड्या वेळाने, मी काही न विचारता, ती पुढे म्हणाली, "नाही म्हटलं असतं त माहेर राह्यलं असतं का?"

दोन्ही वाक्यं खरी आहेत असं मला वाटतं. ती मनाने दिलेली सही होती आणि तिला किंमत होती. किंमत होती म्हणूनच ते देणं होतं. फुकट गेलेल्या वस्तूला दान म्हणत नाहीत, ती नुसती गळती असते. आत्याच्या औदार्यावर मी शंका घेत नाहीये. उलट, तिचा स्वभावच तसा म्हणून आम्हीच ते औदार्य पुसून टाकलं होतं. दान स्वेच्छेने झालं का, हे कागदावरच्या "राजीखुशीने" या शब्दावरून कळत नाही. नाही म्हटल्यावर काय गेलं असतं, यावरून कळतं. आत्याचं माहेर गेलं असतं. दीड एकर एका पारड्यात आणि राखी, दिवाळी, आजारपणात धावून येणारा भाऊ दुसऱ्या पारड्यात, असं तोलायला लावून वर "विनामोबदला" लिहून घेणं मला आता खोटं वाटतं.

स्वभाव या शब्दावरचा माझा उरलासुरला विश्वास आमच्या जिल्ह्यातल्याच एका मूलद्रव्याने घालवला. शेजारच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी जातं. मॅंगनीजचे पंचवीस इलेक्ट्रॉन, पण सोडियमसारखं एका ओळीत सांगता येईल असं त्याचं वागणं नाही. फिकट गुलाबी क्षारांमध्ये त्याने दोन इलेक्ट्रॉन सोडलेले असतात. काळ्या डायऑक्साइडमध्ये रसायनशास्त्र त्याच्या नावे चार गेलेले मोजतं, आणि जांभळ्या परमँगनेटमध्ये सात. समोर कोण आहे आणि परिस्थिती काय आहे, यावर ते ठरतं. आणि टॉर्चच्या सेलमध्ये काय होतं बघा. तिथे जस्त इलेक्ट्रॉन देतं आणि मॅंगनीज डायऑक्साइड घेतं. ऑक्सिजनपुढे देणारं मॅंगनीज जस्तापुढे घेणारं होतं. रोवणीच्या दिवसांत रात्री बांधीतलं पाणी बघायला जाताना आपण जो उजेड पाडतो, तो याच देवाणघेवाणीचा असतो. देणारा ही काही जात नाही. तो त्या वेळचा, त्या जागेचा एक व्यवहार आहे आणि दुसऱ्या जागी तो फिरू शकतो.

आमच्या घरात मात्र तो कधी फिरला नाही. आत्याने दिलं, त्याआधी आजीच्या बहिणींनी दिलं, आईनेही तिच्या भावांना दिलं. तिच्या सहीच्या वेळी "यांचा स्वभावच देण्याचा" असं तिकडे कुणीतरी म्हणालंच असेल. आईने ते वाक्य तिथूनच आणलं असावं.

दिलेलं परत घेणं सोपं नसतं. मिठातला किंवा सोड्यातला सोडियम पुन्हा धातू करायचा तर वीज लावावी लागते. हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडूनच तो पहिल्यांदा वेगळा केला. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्रही मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. दबाव किंवा फसवणूक झाली हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि आत्या तसं कधीच म्हणणार नाही. तेव्हा तिच्या बाबतीत माझ्या हातात राहतं ते स्फटिकाचं काम. तिच्या भोवती उभं राहणं. वर्षाला एक पोतं तांदूळ ही त्याची भरपाई आहे असं मी आता मानत नाही. बाबांशी मी हे बोललो. त्यांनी बराच वेळ बैलांकडे बघून झाल्यावर विचारलं, "मग काय करायचं म्हणतोस?" धानाच्या पैशातला वाटा दरवर्षी तिच्या खात्यात टाकायचा, असं मी म्हणालो. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

मला एक धाकटी बहीण आहे. ती नागपूरला शिकते. कधीतरी सातबाऱ्यावर माझ्या नावाशेजारी तिचं नाव चढेल, आणि कुणीतरी तिच्यापुढेही तसाच कागद ठेवेल. सही कुठे करायची ते दाखवायला त्या कागदावर माझं बोट नसेल, एवढं मी तिला फोनवर सांगून टाकलं. ती हसली. म्हणाली, "आणि मला द्यावंसं वाटलं तर?" मी म्हटलं, "तर आधी नाही म्हणून बघ. त्यानंतरही मी राखीला आलो, तर मग दे."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं वाक्य बदललं. नवं वाक्य लांब आहे आणि त्यावर कुणी हसत नाही : "सोडियमपासून एक इलेक्ट्रॉन वेगळा करायला ऊर्जा लागते. ती भरून निघते, कारण नंतर सगळे आयन एकमेकांजवळ राहतात." ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने वहीतलं जुनं वाक्य खोडलं, नवं लिहिलं आणि "ऊर्जा लागते" याच्याखाली दोन रेघा ओढल्या.